बारा वर्षांवरील मुलांस योग्य

माझ्या सहीनं पास झालेला चित्रपट माझ्याच नातीच्या मानगुटीवर बसला, आणि कंपनीचा एक पोरगा मला हसत हसत सांगतो, "मॅडम, तुम्ही भावनिक होताय." अरे, भावनिक नको होऊ तर काय होऊ? टाळ्या वाजवू?

मी वैजयंता चौगुले. निवृत्त शिक्षिका. सगळं आयुष्य आठवीच्या वर्गाला भूगोल शिकवण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर कोल्हापूरच्या बालचित्र समितीवर मला घेतलं. समिती पाच जणांची. मुलांसाठी म्हणून जो चित्रपट निघेल तो आम्ही आधी बघायचा आणि बारा-चौदा वर्षांच्या पोरांना तो दाखवावा की नाही हे ठरवायचं. मला वाटलं होतं, यापेक्षा सोपं काम नसेल. पोरं कशाला घाबरतात आणि कशाला घाबरल्याचं नाटक करतात, हे मला वर्गात पाठमोरी उभी राहूनसुद्धा कळायचं.

आमच्या अध्यक्षांचं नाव इंगवले. निवृत्त न्यायाधीश, नियमाला एकदम पक्के. समितीचा पहिला नियम त्यांनीच लिहिलेला: प्रेक्षकाला चित्रपट ज्या स्वरूपात दिसणार, अगदी त्याच स्वरूपात समितीनं तो बघायचा. पूर्वीच्या समित्या घरबसल्या छोट्या पडद्यावर बघून सह्या ठोकायच्या, त्याचा त्यांना भयंकर राग. म्हणून आम्ही सगळे छोट्या थिएटरात बसायचो. आधी चहा. चहानंतर शिपाई पाण्याचे पेले आणायचा आणि सगळ्यांच्या पर्समधून, खिशातून गोळ्यांच्या डब्या निघायच्या. ब्लडप्रेशर, शुगर, थायरॉइड. रावसाहेब माने तेवढे डबी काढायचे नाहीत. त्यांच्या छातीत पेसमेकर, म्हणून ते आम्हाला चिडवायचे, "चला, म्हाताऱ्यांचा प्रसाद सुरू झाला." मग दिवे जायचे.

"मेघदुर्गाची चावी" आम्ही असाच बघितला.

अॅनिमेशनपट. तेजू नावाची मुलगी आणि तिची बोलकी घोरपड ढगांतल्या किल्ल्यावर जातात, पाच दरवाजे ओलांडतात आणि चोरीला गेलेला पाऊस परत आणतात, अशी गोष्ट. चष्मा लावून बघायचा आणि मनगटाला एक पट्टा बांधायचा. कंपनीनं अर्जात लिहिलं होतं, की प्रेक्षकाच्या आवडीप्रमाणे चित्रपटाची "भावछटा" बदलते. आम्हाला वाटलं, बदलत असतील काही रंग, कपडे, फार तर गाण्याची चाल. पट्टेही बांधले. नियम म्हणजे नियम.

आणि काय सांगू, मजा आली हो! घोरपड तर एक नंबर आगाऊ. पहिल्या दरवाज्यात राक्षस येतो, त्याला शिंक येते आणि त्याची शिंगंच गळून पडतात. तिसऱ्या दरवाज्यात धुकं असतं, त्यात घोरपड स्वतःच्याच शेपटीशी भांडते. इंगवले सर न्यायाधीशपण विसरून खो-खो हसले. डॉक्टर बागवान, म्हणजे आमच्या समितीतल्या बालरोगतज्ज्ञ, त्यांनी एवढंच विचारलं, "लहानांसाठीच जास्त नाही का वाटत? चौदा वर्षांची मुलं कंटाळतील." बास. हाच आक्षेप. बारा वर्षांवरील मुलांस योग्य, असं आम्ही एकमतानं लिहून दिलं.

*

साजिरी माझी नात. तेरा वर्षांची. तिची आई केतकी, म्हणजे माझी लेक, जर्मनीत नर्स आहे. वडिलांनी दुसरा संसार थाटला, त्यांचं नाव आमच्या घरात निघत नाही. साजिरी चार वर्षं माझ्याकडे आहे. जर्मनीत घर मिळालं की तिला न्यायचं, असं केतकीचं पहिल्यापासून चाललंय. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि मायलेकी तासभर बोलायच्या. साजिरी तोंडाची एवढी फटकळ, की मी स्वयंपाकघरातून ऐकत बसायचे आणि हसायचे.

मैत्रिणींबरोबर ती "मेघदुर्ग" बघायला गेली. परत आली, चप्पल काढली आणि सरळ खोलीत गेली.

"कसा होता गं?"

"बरा होता."

"घोरपड आवडली का?"

"कुठली घोरपड?" असं म्हणून तिनं दार लावलं. मला वाटलं, वय आहे, असतो या वयात तोरा.

त्या संध्याकाळी केतकीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, अभ्यास आहे. दुसऱ्या दिवशी डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी तर फोन वाजला आणि ती उठून बाथरूममध्ये जाऊन बसली. आठवडा असाच गेला. केतकी मला विचारायची, "आई, झालंय काय तिला? माझं काही चुकलं का?" मी म्हणायचे, "झोपलीय गं. परीक्षा जवळ आलीय." आतल्या आत मात्र साजिरीवरच माझा संताप होत होता. आई तिकडे रात्रपाळ्या करून मरते आणि ही शेफारली! एकदा तर मी चांगलं फैलावर घेतलं तिला. तिनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. एरवी एका वाक्याला चार उत्तरं देणारी पोरगी एक शब्द बोलली नाही. तेव्हाच माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं.

लक्षात आलं ते रविवारी. तिच्या दोन मैत्रिणी घरी आल्या होत्या. मी थालीपीठ लावत होते आणि त्यांचं आत भांडण चाललेलं.

"तिसऱ्या दरवाज्यात कुत्री असतात. नुसती कुत्री! तेजू पळते आणि तिचा पायच फाडतात."

"वेडी आहेस का? तिसऱ्या दरवाज्यात पाणी असतं. ती बुडते. मला तर श्वासच घेता येईना."

"माझा तुझ्यापेक्षा डेंजर होता."

दोघी फुशारकीनं बोलत होत्या. मी उलथनं हातात घेऊनच आत गेले. "कुत्री? कसली कुत्री? तिथं घोरपड शेपटीशी भांडते ना?"

तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. मग साजिरी भिंतीकडे बघत म्हणाली, "तिची आई असते तिथं. पहिल्या दरवाज्यात आई तिला हाक मारते. दुसऱ्यात तिचं नाव विसरते. तिसऱ्यात म्हणते, तू कोण गं? शेवटी पाऊस येतो आणि सगळे नाचतात, पण आई दार लावून घेते. तेजू बाहेरच असते."

थालीपीठ जळल्याचा वास आला तरी मी तिथंच उभी होते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी इंगवल्यांच्या समोर जाऊन बसले. सगळी समिती बोलावली, कंपनीलाही बोलावलं. कंपनीनं निषाद म्हणून एक तिशीतला पोरगा पाठवला. दाढी कोरलेली, बोलणं लोण्यासारखं.

"चित्रपट एकच आहे मॅडम. तेच पाच दरवाजे, तोच शेवट. मुलं कल्पना लढवतात."

"तीन पोरी तीन वेगळ्या कल्पना लढवून एकाच थिएटरातून बाहेर आल्या?"

"आपण परत बघू या ना," इंगवले म्हणाले. "नियमानं बघू."

नियमानं बघितला. चहा झाला, प्रसाद झाला, पट्टे बांधले. आणि काय बघायला मिळावं? तीच घोरपड, तीच शिंक! रावसाहेब परत हसले. दिवे लागले तेव्हा सगळे माझ्याकडे असे बघत होते, की जणू माझंच डोकं फिरलंय. निषादनं तर मला पाण्याचा पेला पुढे केला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तेवढ्यात डॉक्टर बागवान काहीतरी पुटपुटल्या. त्या आपल्या मनगटावरच्या पट्ट्याकडे बघत होत्या. "हा पट्टा मोजतो काय?"

"नाडी," निषाद म्हणाला. "फक्त नाडी. दुसरी कसलीही माहिती आम्ही घेत नाही."

"चौगुले बाई, तुमची सकाळची गोळी कुठली?"

मी नाव सांगितलं. त्यांनी इंगवल्यांना विचारलं, पाचव्या सदस्यांना विचारलं. मग स्वतःची डबी उघडून दाखवली. गोळ्यांची नावं वेगवेगळी, जात एकच. हृदयाचा ठोका वाढू न देणारी. माणूस घाबरला तरी ती गोळी हृदयाला लगाम घालते. आणि रावसाहेबांचा ठोका तर सांभाळायला छातीत यंत्रच बसवलेलं!

बाई निषादकडे वळल्या. "आता नीट सांगा. हा चित्रपट नाडीचं करतो काय?"

त्याला सांगावं लागलं. "मेघदुर्ग" आधी काढून ठेवलेला चित्रपटच नाही. गोष्टीचा सांगाडा ठरलेला, पण चित्रं तुम्ही बघत असताना, तुमच्या चष्म्यापुरती तयार होतात. सुरुवातीला तो चाचपणी करतो. एका कोपऱ्यात कुत्रं दाखवतो, कुठं खोल विहीर, कुठं गर्दी, कुठं लागलेलं दार, कुठं पाठ फिरवून उभी असलेली बाई. क्षण दोन क्षणच. बघणाऱ्याला कळतही नाही. पण ज्या चित्रापाशी ठोका चुकतो ते तो धरून ठेवतो आणि पुढच्या दरवाज्यात तेच मोठं करून आणतो. परत ठोका वाढला, की आणखी मोठं. कशानंच ठोका हलला नाही, तर समजतो की या माणसाला भीतीत रस नाही, आणि विनोदाकडे वळतो.

"म्हणजे आम्हाला घोरपड मिळाली, कारण आम्ही गोळ्या खाऊन बसलो होतो," इंगवले म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बसला होता. त्यांनीच केलेला नियम आम्ही इमानेइतबारे पाळला होता.

"पण हे करायचंच कशाला?" मी ओरडले.

"ठोका वाढला की प्रेक्षक नजर हलवत नाही," निषाद म्हणाला. "यंत्राला तेवढंच शिकवलंय. नजर हलू द्यायची नाही. त्याला भीती म्हणजे काय हे माहीतच नाही मॅडम. आणि खरं सांगू? चित्रपट मुलांना घाबरवत नाही. मुलांच्या मनात आधीच असतं तेच त्यांना दाखवतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे वा! एखाद्याच्या गळवावर नेमकं बोट दाबायचं आणि म्हणायचं, गळू तुझंच आहे! तेरा वर्षांची पोर आहे ती! तिच्या मनात काय आहे ते मला माहीत नव्हतं, तिच्या आईला माहीत नव्हतं, तिचं तिलाही धड माहीत नव्हतं. तुझ्या यंत्रानं ते दोन तासांत उकरून काढलं, तिकिटाचे पैसे घेतले आणि तिला बाहेर सोडून दिलं!"

"तुम्ही भावनिक होताय," तो म्हणाला. हसला. "आणि समितीपुढे पुरावा काय आहे? तीन मुलींच्या गप्पा? तुम्ही पाच जणांनी दोनदा बघितलाय. दोन्ही वेळा निर्धोक."

इंगवल्यांनी डोळे मिटून घेतले. कायद्यानं त्याचं बरोबर होतं. दिवाळीच्या सुट्टीत जिल्ह्यातल्या शाळांचे खेळ ठरले होते, वर्गच्या वर्ग जाणार होते. समितीनं स्वतः काही बघितल्याशिवाय दाखला मागे घेता येत नव्हता.

"मी गोळी बंद करते," मी म्हणाले.

बागवान बाई नको नको म्हणाल्या. मी ऐकणार नाही हे दिसल्यावर मला स्वतःच्या घरी घेऊन गेल्या. हळूहळू गोळी कमी केली, दिवसातून चारदा माझं ब्लडप्रेशर तपासलं आणि तेवढ्याच वेळा मला शिव्या घातल्या. साजिरीला मी सांगितलं, समितीचं काम आहे, शेजारची मावशी येईल सोबतीला. ती बरं म्हणाली. आजकाल सगळ्यालाच बरं म्हणायची.

*

या वेळी मी एकटीनंच पट्टा बांधला. माझ्या चष्म्यात जे दिसेल तेच मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसेल, असं इंगवल्यांनी कंपनीकडून करून घेतलं. निषादनं विचारलं, "नक्की ना मॅडम? सगळ्यांसमोर?" मी म्हटलं, तू लाव.

मला वाटलं होतं, साप दिसेल. सापाला मी मरणाची भिते. साप दिसलाही, गवतातून सर्रकन गेला. छाती धडधडली. मग अंधारी बोळ आली, आग आली. मग तेजूच्या घराचं अंगण आलं आणि त्यात एक बॅग भरून ठेवलेली होती. नुसती बॅग. त्यापेक्षा जास्त काहीच नव्हतं चित्रात.

माझ्या कानात ठोके वाजायला लागले.

पहिल्या दरवाज्यात तेजूबरोबर तिची आजी होती. आधी दोन्ही वेळा ही आजी नव्हतीच. दुसऱ्या दरवाज्यात तेजूची आई आली, तिच्या हातात तीच बॅग. तिसऱ्यात तेजूनं आजीचा हात सोडला आणि आईचा धरला. घोरपड नाही, शिंक नाही. चौथ्या दरवाज्याशी आजी हाका मारतेय आणि त्या दोघी बोलत बोलत निघाल्यात, मागे वळूनसुद्धा बघत नाहीत. आणि मी, समितीची सदस्य, वय वर्षं साठ, चष्म्याच्या आत ढसाढसा रडत होते आणि माझी नजर हलत नव्हती. यंत्र काढून फेकावं असं हाताला सुचतच नव्हतं. त्या पोरी कशा उठून जातील?

बागवान बाईंनी येऊन पट्टा सोडला.

दिवे लागले. पाच माणसांनी माझं मन पडद्यावर बघितलं होतं. केतकीला घर मिळू नये, साजिरी जाऊ नये, असं मी देवापुढेसुद्धा कधी बोलले नव्हते. आठवडाभर "झोपलीय गं" म्हणत फोन ठेवताना मला आतून बरं वाटत होतं, हेही मला त्या खुर्चीत कळलं. लाज वाटली. आणि लाजेपेक्षा राग आला, की हे मला कळायचं होतं तर माझ्या घरात, माझ्या वेळेनं कळलं असतं. यांच्या तिकीटबारीवर का?

निषाद या वेळी हसला नाही. रावसाहेब दाराकडे बघत होते. इंगवले उठले आणि म्हणाले, "दाखला रद्द. एकमतानं." मग निषादला म्हणाले, "अपिलात जायचं असेल तर जा. पण जायच्या आधी एकदा पट्टा बांधून बस आणि स्वतः बघ. गोळी न घेता."

शाळांचे खेळ रद्द झाले. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. ज्या पोरांनी आधीच बघितला होता त्यांच्यासाठी मात्र कुणाकडे काही नव्हतं.

*

घरी आले तर साजिरी टेबलाशी भूगोलाची वही घेऊन बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. पट्टा, नाडी, चाचपणी. म्हटलं, "बघ, त्या यंत्राला तुझी आई ठाऊकसुद्धा नाही. त्यानं नुसते तुझे ठोके मोजले. खोटं होतं सगळं."

तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे पिक्चरमध्ये नव्हतंच ते. माझ्याच मनात होतं."

निषादच्या तोंडून हेच ऐकलं तेव्हा मी किंचाळले होते. पोरीला धीर द्यायला गेले आणि तिच्या हातात विस्तव ठेवला. दोष पिक्चरचा होता तोवर ती पिक्चरला घाबरत होती. आता ती स्वतःलाच घाबरणार.

"हो," मी म्हणाले. "तुझ्याच मनात होतं. माझ्या पिक्चरमध्ये काय निघालं, सांगू?"

सांगितलं. बॅग, आजी, दरवाजा, सगळं. तिनं माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी सरळ बघितलं.

"मी जाऊ नये असं वाटतं तुला?"

"वाटतं. पण तसं म्हणणार नाही तुला कधी."

"आत्ता म्हणालीस की!"

"गप गं, आगाऊ." मला रडू आलं आणि हसूही. "मनात असणं हा काही गुन्हा नाही. दुसऱ्या कुणी ते चोरून बघितलं, तो गुन्हा."

फोन वाजला. केतकी. मी उचलला. झोपलीय हे शब्द अगदी जिभेवर आले होते. "थांब," मी म्हणाले. "तुझ्या लेकीला काहीतरी विचारायचंय." आणि फोन साजिरीपुढे धरला.

ती घेईना. मी हात मागे घेतला नाही. शेवटी तिनं फोन घेतला आणि कानाला लावून नुसती उभी राहिली. पलीकडून केतकी "साजू? बाळा?" करत होती.

"मी किती उंच झालेय, सांग," साजिरी एकदम म्हणाली.

"काय गं हे? अशी काय विचारतेस?"

"सांग ना! आजीच्या कुठं लागते मी? कानाला लागते का खांद्याला? मागच्या दिवाळीला येते म्हणालीस. मेमध्ये येते म्हणालीस. सुट्टी नाही, घर नाही, भाडं जास्त आहे, हेच ऐकतेय मी! किती उंच आहे मी, सांग!"

ती ओरडत होती. चेहरा लालबुंद झाला होता. शेजारच्यांनी खिडकी उघडली, मी आमची त्यांच्या तोंडावर बंद केली.

पलीकडून केतकीचा आवाज आला, रडका, बारीक. "नाही माहीत गं मला."

"मग ये आणि बघ!"

"येते," केतकी म्हणाली. "येते बाळा. घर मिळालंय. कालच कळलं. आता तुला घ्यायलाच येते."

साजिरी फोन कानाला धरून माझ्याकडे वळली. डोळे भरलेले. आता तिला मी एकटी पडेन याची भीती वाटत होती, हे कळायला मला कुठला पट्टा लागत नव्हता.

"माझ्याकडे काय बघतेस?" मी तिच्यावर खेकसले. "तारीख विचार तिला. नुसतं येते-येते नको. तारीख विचार."